काडतुसांची हातभरणी : ४५-७० आणि मोठ्या बोअरची एकफैरी शिकारी रायफल

उडवून झालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा वापरात आणून तिच्यात नवी टोपी (ठोका बसताच पेटून दारू पेटवणारी छोटी वाटी), मोजलेली दारू आणि गोळी स्वतःच्या हाताने बसवणे, याला काडतुसांची हातभरणी म्हणतात. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगली जाणारी ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातले मूळ तत्त्व ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी थेट नळीत उतरतात. हातभरणीत त्या पितळी पुंगळीत बसतात आणि काडतूस तयार होऊन मगच बंदुकीत जाते. अमेरिकेत हा छंदही आहे आणि काटकसरीचा मार्गही. मोठ्या बोअरच्या (म्हणजे नळीच्या मोठ्या अंतर्व्यासाच्या), एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या एकफैरी रायफलींच्या बाबतीत मात्र ती बऱ्याचदा गरज असते, कारण त्यांतल्या कित्येक काडतुसांचे कारखान्यातले उत्पादन कधीच थांबले आहे. या नोंदीत मुख्यतः ४५-७० या काडतुसाचा विचार केला आहे. दीडशे वर्षे उलटली तरी ते बाजारात आहे आणि हातभरणीतले जवळपास सगळे प्रश्न त्याच्या निमित्ताने समोर येतात.

काडतूस आणि रायफली

अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफलीबरोबर हे काडतूस स्वीकारले. नावातच त्याचे माप आहे : ०.४५ इंच वर्गाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे दारू साधारण साडेचार ग्रॅम झाली. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमांच्या आसपास. गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.४५८ इंच असतो. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे १,३५० फूट भरे. आजच्या हिशेबाने तो फारच कमी आहे. १०० यार्डांवर नेम बसवलेली अशी गोळी २०० यार्डांवर सुमारे दोन फूट खाली येते. म्हणून या काडतुसाने शिकार करणाऱ्याला अंतराचा अंदाज चुकवून चालत नाही.

सुरुवातीची लष्करी पुंगळी तांब्याची होती आणि तिची टोपी आतून बसवलेली असे, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नसे. तापलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, ती अडकायची. जून १८७६ मधल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत, अमेरिकेतल्या मूलनिवासी टोळ्यांशी लढताना, अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या सैनिकांच्या काही कार्बाइन (आखूड रायफली) अशा अडल्या. त्याचा निकालावर किती परिणाम झाला यावर अजून वाद चालतो. पुढे बाहेरून टोपी बसणारी, पुन्हा भरता येणारी पुंगळी आली.

नागरी शिकाऱ्यांकडे तोपर्यंत शार्प्स आणि रेमिंग्टन या रायफली होत्या. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात कातड्यांसाठी बायसनची जी कत्तल झाली ती मुख्यतः याच एकफैरी रायफलींनी. हे शिकारी शहरापासून आठवड्यांच्या अंतरावर तळ ठोकत. ते तयार काडतुसांच्या पेट्या वाहून नेण्याऐवजी शिशाच्या लगडी, दारूचे पिंप आणि टोप्यांचे डबे घेऊन निघत, रात्री तळावर गोळ्या ओतत आणि दिवसभरात गोळा केलेल्या पुंगळ्या पुन्हा भरत. इतका मोठा संहार इतक्या स्वस्तात शक्य झाला, त्यामागे रेल्वे आणि कातड्याचा बाजार यांच्याइतकीच ही तळावरची भरणी होती, असे म्हणणे चूक ठरणार नाही. एका दशकात दक्षिणेकडचे कळप संपले आणि १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तरेकडचेही.

एकफैरी रायफलीची दुसरी कीर्ती नेमबाजीतली. सप्टेंबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिकी संघाने पाठीमागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन रायफली वापरून, ठासणीच्या रायफली घेऊन आलेल्या आयरिश संघाला ९३४ विरुद्ध ९३१ अशा तीन गुणांनी हरवले. स्कॉटलंडच्या जॉन फार्करसनने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली चेंबर मागून बंद करणारा ठोकळा खाली सरकण्याची रचना पुढे ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांच्या रायफलींत आली. १९६७ मध्ये स्टर्म रूगर कंपनीने ‘नंबर वन’ ही रायफल त्याच धाटणीवर काढली आणि मोठ्या बोअरच्या एकफैरी रायफलीला नवे आयुष्य मिळाले.

पुंगळी आणि टोपी

हातभरणीत सर्वात महागडा भाग पुंगळीचा, आणि तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. ती सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. बार होताच ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की जराशी आकसते. हे लवचिक राहणे हाच पितळेचा गुण आहे. पण दर वेळी फुगून आणि पुन्हा मापात आणण्यासाठी साच्यातून दाबून ते कडक होत जाते आणि तोंडाशी चिरते. ते टाळण्यासाठी पुंगळ्या पाण्याच्या उथळ ताटात उभ्या ठेवून फक्त तोंड ज्योतीने तापवतात आणि मग आडव्या पाडून विझवतात. बूड मऊ होऊ देणे धोक्याचे असते, कारण सगळा दाब तिथेच पेलला जातो. पाणी त्यासाठीच.

टोपीचे दोन प्रकार आहेत. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकी हायरम बर्डन या दोघांनी १८६० च्या दशकात आपापल्या रचना केल्या. बॉक्सर पद्धतीत ऐरण, म्हणजे ठोका बसल्यावर टोपीतले रसायन जिच्यावर चिरडते तो भाग, टोपीतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यातून बारीक सळई घातली की जुनी टोपी सरळ बाहेर पडते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडात घडवलेली असते आणि भोके दोन, बाजूला. तिथे सळई चालत नाही. टोपी आकड्याने उचकटावी लागते किंवा पुंगळीत पाणी भरून दट्ट्याने ढकलावी लागते. नशीब असे की ब्रिटिश माणसाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकी माणसाची युरोपात. अमेरिकेत घरोघरी हातभरणी पसरली त्याचे एक साधे, यांत्रिक कारण हे मधोमध असलेले एक भोक आहे.

जॉन बार्लोच्या आयडियल कंपनीने १८८४ पासून न्यू हेवनमध्ये सांडशीसारखी हत्यारे विकायला सुरुवात केली. एकाच हत्याराने टोपी काढणे, नवी बसवणे आणि गोळी दाबणे ही कामे होत. आता बाकाला बोल्टने घट्ट केलेली दाबयंत्रे वापरतात. काम मात्र तेच राहिले आहे.

काळी दारू आणि धूररहित दारू

काळ्या दारूत सोरा साधारण ७५, कोळसा १५ आणि गंधक १० टक्के असते. ती भरताना गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी अजिबात ठेवायची नाही, हा पहिला नियम. पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. म्हणून दोन-अडीच फूट लांबीच्या पितळी नळीतून दारू हळूहळू पुंगळीत सोडतात. पडता पडता कण एकमेकांत बसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त दारू मावते. वर पुठ्ठ्याची चकती ठेवून ती दाबतात आणि मग गोळी.

काळ्या दारूची गोळी शिशात थोडे कथील मिसळून ओततात. प्रमाण वीसास एक, तीसास एक असे. तिच्या अंगावरच्या खाचांत मेण आणि चरबीचे मिश्रण भरलेले असते. जळाल्यावर नळीत राहणारा काजळीचा थर मऊ ठेवणे हे त्याचे काम. तेवढ्याने भागत नाही, म्हणून स्पर्धेतले नेमबाज दोन बारांमध्ये चेंबरला नळकांडे लावून त्यात तोंडाने फुंकर घालतात. श्वासातल्या ओलाव्याने काजळी कडक होत नाही आणि पुढची गोळी भरकटत नाही. घरी परतण्याआधीच रिकाम्या पुंगळ्या साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकतात, कारण काळ्या दारूची राख हवेतली ओल शोषते आणि पितळ खाते.

धूररहित दारूचा प्रश्न उलटा आहे. फ्रान्समध्ये पॉल विएलने १८८४ मध्ये ती प्रथम यशस्वी केली, तेव्हा ४५-७० ची पुंगळी दशकभर जुनी होती आणि तिचे पोट काळ्या दारूसाठी बेतलेले होते. नवी दारू थोडक्यात जास्त शक्ती देते, त्यामुळे काही मिश्रणांत पुंगळीचा बराचसा भाग रिकामा राहतो. म्हणजे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आत सहज मावते आणि बाहेरून काही दिसत नाही. ही या सगळ्या कामातली सर्वात घातक चूक आहे. तिच्यावर उपाय कुठल्याही यंत्रापेक्षा सवयीचा : भरलेल्या सगळ्या पुंगळ्या लाकडी फळीच्या खोबण्यांत उभ्या ठेवायच्या, वरून दिवा धरायचा आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीच्या तोंडातून डोकावून दारूची पातळी सारखी आहे ना ते पाहायचे. बाकावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा उघडा ठेवायचा, हा दुसरा नियम.

एकाच नावाची तीन काडतुसे

४५-७० चे खरे वेगळेपण इथे आहे. १८७३ ची स्प्रिंगफील्ड, मार्लिनने १९७२ मध्ये पुन्हा आणलेली लिव्हरची (खालचा दांडा ओढून पुढचे काडतूस आणणारी) रायफल आणि रूगर नंबर वन या तिघींच्या चेंबरमध्ये हे काडतूस सारखेच बसते. ताकद मात्र तिघींची वेगळी आहे. जुनी स्प्रिंगफील्ड मऊ पोलादाची, वरच्या झडपेने बंद होणारी. रूगरचा ठोकळा उभ्या खाचांत बसतो आणि खूप मोठा दाब सहन करतो. अमेरिकी दारूगोळा उद्योगाने या काडतुसासाठी चौरस इंचाला २८,००० पौंड ही कमाल मर्यादा ठरवली आहे, कारण कारखान्याला सर्वात जुन्या रायफलीचाही विचार करावा लागतो. भरणीच्या हस्तपुस्तिका मात्र या काडतुसाची कोष्टके याच तीन रायफलींच्या क्रमाने तीन गटांत वेगळी छापतात. तिसऱ्या गटाचा दाब पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो. तिसऱ्या गटाचे काडतूस स्प्रिंगफील्डमध्ये उडवले तर ती फुटू शकते. कारखाना सगळ्यांसाठी एकच सुरक्षित काडतूस करतो, आणि हातभरणी करणारा स्वतःच्या एका रायफलीसाठी करतो. फायदा आणि जबाबदारी दोन्ही याच एका गोष्टीतून येतात.

एकफैरी असण्याचे परिणामही भरणीत दिसतात. लिव्हरच्या रायफलीत काडतुसे नळीदार मॅगझिनमध्ये एकामागे एक असतात. तिथे टोकदार गोळी समोरच्या काडतुसाच्या टोपीवर टेकून धक्क्याने बार होऊ शकतो, म्हणून गोळीचे टोक सपाट लागते. एकफैरीला ही अडचण नाही. गोळी लांब असो, टोकदार असो, बाहेर जास्त काढलेली असो, काडतूस बोटाने चेंबरमध्ये सरकवायचे असते. मात्र खाली सरकणारा ठोकळा सरळ वर येतो आणि इतर रायफलींतल्या पुढेमागे सरकणाऱ्या बोल्टसारखा काडतुसाला पुढे रेटत नाही. काडतूस केसभर जरी बाहेर राहिले तरी लिव्हर बंद होत नाही. पुंगळी उपसणारी आकडीही लहान असते. म्हणून शिकारीसाठीची पुंगळी पूर्ण लांबीत साच्यातून काढावी, नुसते तोंड आवळून भागवू नये, हा माझ्या मते या रायफलींसाठी निर्विवाद सल्ला आहे. समोर अस्वल असताना अडकलेली पुंगळी म्हणजे दुसरा बार नाहीच.

भारताशी संबंध

हिंदुस्थानात इंग्रजी लष्कराकडे मार्टिनी-हेन्री ही याच वर्गातली, ४५० बोअरची एकफैरी रायफल होती आणि तिच्यापैकी बऱ्याच सरहद्दीपलीकडे गेल्या होत्या. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी यांनी हत्ती, गवा यांसारख्या जनावरांसाठी ४५० नायट्रो एक्सप्रेस हे धूररहित दारूचे काडतूस आणले. सरकारला भीती वाटली की त्याच्या गोळ्या उपसून मार्टिनी-हेन्रीच्या पुंगळ्यांत भरल्या जातील. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफली आणि दारूगोळा आणण्यावर बंदी आली. ब्रिटिश बंदूककारांनी लगोलग ४७०, ५००/४६५ अशी नवी मापे पुढे केली, आणि ४७० पुढे या वर्गातले सर्वात लोकप्रिय काडतूस ठरले. हातभरणीच्या धास्तीने शिकारी बंदुकांची सगळी मापे बदलावीत, असे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

स्वतंत्र भारतात काडतुसे तयार करण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर मोठ्या जनावरांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे घरच्या बाकावर काडतूस भरण्याची अमेरिकी पद्धत इथे लागू होत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरणी करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. ती काडतुसे धंदा म्हणून विकायची असतील तर लागतो.

आजचा वापर

काळ्या दारूच्या काडतुसांची पत्र्याच्या प्राण्यांवरची नेमबाजी अमेरिकेत १९८५ पासून राष्ट्रीय पातळीवर होते. कोंबडा २०० मीटरवर, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर. शिकारीत ४५-७० हरणे, एल्क (मोठ्या जातीचे हरीण), अस्वल यांच्यासाठी जवळच्या अंतरावर वापरतात.

हातभरणीची डबी कधीही निनावी ठेवत नाहीत. तिच्यावर दारूचे नाव आणि वजन, गोळी, टोपी, तारीख आणि कोणत्या रायफलीसाठी भरली ते लिहिलेले असते. ४५-७० च्या बाबतीत शेवटची नोंद सर्वात महत्त्वाची. वडील किंवा आजोबा गेल्यावर वारसाला मिळालेली, अशी नोंद नसलेली काडतुसे कोणीही जाणकार उडवत नाही. हातोडीच्या आकाराच्या उपसणीत काडतूस अडकवून ती कडक जागेवर आपटली की गोळी झटक्याने सुटते. आतली दारू ओळखू येत नसल्याने ती नष्ट केली जाते, आणि पुंगळ्या व गोळ्या तपासून पुन्हा भरणीला घेतल्या जातात.