प्लास्टिकच्या बंपरमागचा गंज
वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत एक समज पक्का रुजला आहे, तो असा की बंपर प्लास्टिकचा असल्याने खाऱ्या हवेत त्याला काही होत नाही आणि तो फुटलाच तर घरच्या घरी नवा चढवला की काम संपले. यातले पहिले अर्धे खरे आहे. बाहेरून दिसणारे, बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, आवरण गंजत नाही; परंतु बहुतेक मोटारींत त्यामागे धातूची, पुष्कळदा पोलादी, आडवी पट्टी असते, जोराच्या धडकेचा भार मुख्यतः तीच झेलते, आणि ठोकरीने तिच्यावरचा रंग उडाला की खारट ओलावा आवरणाआड, कोणाच्या नजरेस न पडता, तिला खात राहतो. म्हणून जुने आवरण उतरवल्यावर (चाकाच्या कमानीतले स्क्रू, क्लिपा आणि फॉग लॅम्पची जोडणी सोडवली की ते निघते, त्यात फारसे कौशल्य नाही) पट्टी, तिचे बोल्ट आणि ब्रॅकेट नीट पाहावेत. गंज वरवरचा असल्यास गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, घासून प्रायमर व रंग द्यावा. पट्टी वाकली असेल किंवा तिचे पापुद्रे सुटत असतील तर ती बदलावीच. ठोकून सरळ करण्याचा गावोगावचा उपाय धोक्याचा आहे. एअरबॅगचे सेन्सर अनेक मोटारींत याच भागात असल्यामुळे हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे.