श्नायडरचे पर्णनासी वटवाघूळ

शास्त्रीय नाव हिपोसिडेरॉस स्पिओरिस. गुहेत राहणारे लहान कीटकभक्षी वटवाघूळ. आढळ फक्त भारत व श्रीलंकेत. जर्मन अभ्यासक श्नायडर यांनी १८०० मध्ये त्याचे वर्णन केले. जातिनामाचे मूळ 'गुहा' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. कोल्हापूरकडे असल्या लहान वटवाघळांना सरसकट पाकोळ्या म्हणतात. याच नावाने काही पक्षीही ओळखले जातात, त्यामुळे गावात चौकशी करताना घोटाळा ठरलेला. वडा-पिंपळावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळे वेगळी.

वजन जेमतेम १० ग्रॅम. नाकावर मांसल पान आणि त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन लहान पाकळ्या. आवाज तोंडातून नव्हे, नाकातून निघतो आणि हे पान त्याला दिशा देते. आवाजाची कंप्रता १३० किलोहर्ट्झच्या आसपास. माणसाला २० च्या पलीकडचे ऐकू येत नाही. इतका बारीक आवाज हवेत लवकर विरतो, म्हणून शिकार जवळचीच: झुडपांच्या कडेने सावकाश उडत भुंगेरे, पतंग, वाळवीचे पंखवाले किडे टिपायचे. मादी एका वेळी एकच पिल्लू देते.

या जातीची खरी गंमत तिच्या घड्याळात आहे. गुहेच्या पोटात दिवस-रात्र सारखाच अंधार, मग सूर्य मावळल्याचे कळते कसे? मदुराईजवळच्या गुहेत जी. मारिमुथू, एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. अंधारात एकटे कोंडलेले वटवाघूळ आपल्या आतल्या घड्याळावर चालते आणि बाहेरच्या दिवसाशी त्याचा मेळ हळूहळू सुटतो. तेच वटवाघूळ मुक्त थव्याच्या गुहेत पिंजऱ्यात ठेवले, की इतरांच्या जाग्या होण्या-उडण्याबरोबर त्याची वेळ जुळलेली राहते. म्हणजे उजेड न पाहताही शेजाऱ्यांवरून वेळ कळते. विशेष म्हणजे हे शेजारी अंगाला अंग लावत नाहीत. प्रत्येक जण अंतर राखून लटकतो.

कोल्हापूर जिल्ह्यात गुहावासी वटवाघळांजोगत्या जागांना तोटा नाही: जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळे लेणी, पन्हाळ्याच्या जुन्या दगडी वास्तू, मसाई पठाराच्या कड्यातल्या पांडवकालीन म्हणवल्या जाणाऱ्या गुहा. यातल्या बऱ्याच ठिकाणी माणसांची वर्दळ आहे. भरदिवसा बॅटरीचा झोत किंवा धूर आला, की थवा उठतो. अशा वेळी अंगाला बिलगलेले पिल्लू खाली पडू शकते. पाहायचेच तर कडूस पडताना गुहेच्या तोंडापासून दूर, गप्प बसावे. आधी एखाद-दुसरे तोंडापाशी येऊन उजेडाचा अंदाज घेते, परत आत वळते. बाकीची निघतात ती त्यानंतर.