खाजन: भरतीच्या पातळीखालची भातशेती

गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या काठाने गेलं की हिरव्यागार भातशेतीला लागून एक लांबच लांब बांध दिसतो. बांधापलीकडे खाडी. भरतीच्या वेळी नीट पाहावं: खाडीतलं पाणी शेतापेक्षा वर असतं. तिसवाडी, बार्देश, सासष्टी भागांत खाडीकडून मिळवलेल्या अशा जमिनीला खाजन म्हणतात. राज्यात ती सुमारे 18,000 हेक्टर आहे.

या शेतीचा जीव मानशीत आहे. मानस म्हणजे बांधात बसवलेला लाकडी दरवाजा. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा तो आपोआप मिटतो. ओहोटीला आतलं पाणी वर राहतं, त्याच्या दाबाने उघडतो आणि शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जातं. ना इंधन, ना यंत्र.

जमिनीतलं मीठ काढायचं काम पाऊस करतो. जून-जुलैच्या धारांनी वरच्या थरातला खार विरघळून मानशीवाटे वाहून जातो, नदीचं पाणीही तेव्हा गोडं होतं. मग कोरगुट किंवा असगो पेरायचं. थोडा खारटपणा सोसणारी ही भातं आहेत. कापणीनंतर काही खाजनांत खारं पाणी मुद्दाम आत घेतात. त्यासोबत कोळंबी, मासे, खेकडे येतात. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ते धरतात. काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरं चालतात.

पण मातीचा बांध स्वतःहून टिकत नाही. खेकडे त्यात बिळं करतात, बारीक गळती दोन-चार भरत्यांत खिंडार होते. आणि खिंडार एकाच्या शेतापुढे पडलं तरी खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. म्हणून खाजन एकट्याने कसताच येत नाही. हे काम गावकारी बघत असे. पोर्तुगीज येण्याआधीपासून चालत आलेली ही ग्रामसंस्था. तिचे शिरस्ते 1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने लेखी नोंदवले, पुढे तिला कोमुनिदाद म्हणू लागले. शेतं आणि मानशीतली मासेमारी पावणीला, म्हणजे लिलावाला, काढायची, त्या उत्पन्नातून सरकारी धारा भरायचा, बांध दुरुस्त करायचा आणि उरलेलं गावकारांत वाटायचं, असा साधारण क्रम होता. तिचं कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये: हक्क वंशपरंपरेने काही घराण्यांतल्या पुरुषांकडेच होते. चिखलात उभं राहून बांध घालणाऱ्या अनेकांना कारभारात आवाज नव्हता.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यांना जमिनीवर संरक्षण मिळालं. ते न्याय्यच होतं. बांध-मानशींची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पण सामूहिक देखरेखीची जुनी शिस्त नव्या संघटनांत सगळीकडे रुजली नाही. त्याच काळात खाणी, पर्यटन, परदेशातल्या नोकऱ्या यांनी शेतीतले हात कमी केले. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटा बांधांवर आदळत राहिल्या. कोळंबीला भाव आला तसा मानशीचा लिलाव भातापेक्षा किफायतीचा ठरू लागला. ठेकेदाराला खारं पाणी जास्त दिवस आत हवं, शेतकऱ्याला ते वेळेत बाहेर हवं. हा झगडा आजही अनेक गावांत आहे, आणि जिथे ठेकेदार जिंकतो तिथे मातीत खार साचतो.

पडीक खाजनात मग कांदळवन उगवतं. बांधाच्या बाहेर ते हवंच. लाटांचा जोर तेच मोडतं. शेतात मात्र ते वाढलं की परतीची वाट अवघड होते, कारण कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ती झाडं सहजी काढता येत नाहीत. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांना वेगळी जागा मिळाली. पण बिळं बुजवायला कुणीतरी दर पावसाळ्याआधी बांधावरून चालत जावं लागतं, आणि त्याची मजुरी कुणी द्यायची हे गावोगाव अजून ठरलेलं नाही.