दोन तारांवरचा संसार

फोन आडवा धरला की पडद्यावरचं चित्रही आडवं होतं. फोन कलला हे कळतं दोन-तीन मिलिमीटरच्या एका सेन्सर चिपला. चित्र फिरवण्याचं काम प्रोसेसरचं. एकाची खबर दुसऱ्याला पोचते ती अनेक फोनमध्ये अवघ्या दोन तारांवरून. तारा म्हणजे सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा. त्याच जोडीवर प्रकाश मोजणारा सेन्सर, बॅटरीवर लक्ष ठेवणारी चिप अशी आणखीही मंडळी नांदू शकतात.

या पद्धतीचं नाव आय-टू-सी. नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये आणली, तेव्हा डोळ्यांपुढे टीव्हीसारखी उपकरणं होती. आठ बिट, म्हणजे आठ शून्य-एक, एकदम पाठवायचे तर आठ तारा लागतात, चिपला तेवढ्या पिना लागतात. इथे एका तारेवर ठोके पडतात आणि दुसरीवरून दर ठोक्याला एक बिट जातो. नेहमीचा वेग सेकंदाला १ लाख किंवा ४ लाख ठोके. व्हिडिओला तो पुरणार नाही, पण ‘फोन कलला’ एवढं सांगायला भरपूर झाला.

एकाच तारेवर इतके जण बोलले तर भांडण होत नाही, कारण एसटीतल्या घंटीच्या दोरीसारखी तिची रचना आहे. दोरी कुणीही खाली ओढावी, सोडली की ती आपोआप वर जाते. तसंच इथे कुठलीही चिप तारेचा विद्युत दाब फक्त खाली खेचू शकते. वर नेण्याचं काम एक साधा रेझिस्टर करतो. प्रत्येक चिपला सात बिटांचा पत्ता असतो. एकूण पत्ते १२८, त्यातले १६ राखीव. दर आठ बिटांनंतर नवव्या ठोक्याला ऐकणारी बाजू तार खाली खेचून ‘पोचलं’ म्हणते.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र आणि ॲप यांच्यामधला मुख्य प्रोग्रॅम, आहे, आणि त्यातली कामाची वाटणी मला फार आवडते. ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम. एक ड्रायव्हर प्रोसेसरमधला आय-टू-सीचा भाग हाताळतो: ठोके कसे द्यायचे, तार कशी वाचायची. दुसऱ्याला तारांशी देणंघेणं नाही. त्याला फक्त सेन्सरची भाषा येते. मध्ये कर्नलचा गाभा निरोप्याचं काम करतो. म्हणून सेन्सरचा ड्रायव्हर एकदा लिहिला की प्रोसेसर कुठल्याही कंपनीचा असो, तो चालतो.

अडचण वेगळीच आहे. यूएसबीला पेन ड्राइव्ह जोडला की तो स्वतःची ओळख सांगतो. आय-टू-सीवरची चिप विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि ‘तू कोण?’ हा प्रश्न या भाषेत सक्तीचा नाही. पत्त्यावरूनही खात्री पटत नाही: एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सर आणि डीएस-१३०७ ही घड्याळाची चिप, दोघांचाही पत्ता १०४ असू शकतो. मग दारं ठोठावत फिरावं का? आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये अशाच चाचपणीने एका मेमरी चिपमधला मजकूर बिघडला आणि यंत्र सुरूच होईना. म्हणून फोनमध्ये कोणती चिप कोणत्या तारांवर, कोणत्या पत्त्यावर बसली आहे हे ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या यादीत आधीच लिहून ठेवतात. कर्नल ती यादी वाचूनच ड्रायव्हर नेमतो.

कधी चिप उत्तराच्या मध्यावर असताना प्रोसेसर रीसेट होतो. चिप पुढच्या ठोक्याची वाट पाहत तार खाली धरून बसते आणि सगळ्यांचंच बोलणं खुंटतं. त्यावरचा उपाय लिनक्सच्या गाभ्यातच आहे: नऊपर्यंत मोकळे ठोके द्यायचे. तेवढ्यात चिपचं अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं होतं आणि ती तार सोडते.

या पद्धतीची पुढची पिढी म्हणजे आय-थ्री-सी. तारा दोनच, पण ठोके सेकंदाला सव्वा कोटीपर्यंत. चिप आपली ओळख सांगते, पत्ता तिला जागेवर मिळतो, आणि काही घडलं तर वेगळी तार न वापरता ती स्वतःहून हाक मारू शकते. लिनक्सने २०१९ मध्ये, ५.० या आवृत्तीत, तिला जागा दिली. जुन्या आय-टू-सी चिपाही त्याच तारांवर बसू शकतात. त्यांचे पत्ते मात्र अजूनही यादीत लिहूनच द्यावे लागतात.