वहन व नियमन : वनस्पती आणि मानव

सजीवाच्या शरीरात पाणी, क्षार, साखर, वायू, संप्रेरके यांची ने-आण होणे म्हणजे वहन. या पदार्थांचे प्रमाण पेशींना सोसेल इतपतच राखणे म्हणजे नियमन. पाठ्यपुस्तकांत दोन्हींची प्रकरणे वेगळी असतात. पण झाडात पाणी वर चढते ते पानांतून उडून जाणाऱ्या पाण्याच्या ओढीने, आणि मूत्रपिंड रक्त गाळते ते रक्ताच्याच दाबावर. त्यामुळे वहनाला सोडून नियमनाबद्दल फारसे बोलता येत नाही.

मुळात वहनसंस्था लागते कशाला? विसरणाला, म्हणजे कण दाट जागेकडून विरळ जागेकडे आपसूक पसरण्याला, पेशीच्या पदरची ऊर्जा लागत नाही. अडचण आहे ती अंतराची. आडोल्फ फिक याने १८५५ मध्ये विसरणाचे गणित मांडले. त्यावरून अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो असे निघते. पेशीच्या रुंदीइतके अंतर ऑक्सिजन सेकंदाच्या अल्पांशात ओलांडतो. मीटरभर स्थिर पाण्यातून जायला त्याला काही वर्षे लागतील. अमीबाचे यावर भागते, झाडाचे आणि माणसाचे भागत नाही. दोघांनीही लांब पल्ल्यासाठी नळ्या घडवल्या आणि शेवटचा टप्पा पुन्हा विसरणावरच सोपवला.

पेशीच्या पटलावर मात्र कडक पहारा असतो. आयनांना आपल्या बळावर ते ओलांडता येत नाही. माणसाच्या पेशीतला पंप दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. १९५७ मध्ये येन्स स्कौ याने त्याचा छडा लावला. वनस्पती हेच काम हायड्रोजन आयन बाहेर ढकलून साधतात. पाण्यासाठीची प्रथिनांची दारे माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत ओळखली गेली आणि लवकरच वनस्पतींतही सापडली. या पातळीवर दोघे सख्खे भाऊ आहेत. फरक पडतो तो नळ्यांत.

जलवाहिन्यांना (विश्वकोशीय परिभाषेत प्रकाष्ठ) ‘झाडाच्या रक्तवाहिन्या’ म्हणण्याची सवय आहे. ही उपमा दिशाभूल करते. जलवाहिन्यांच्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात, आणि त्यांतले पाणी ढकलले जात नाही, ओढले जाते. एडुआर्ड श्ट्रासबुर्गर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापलेल्या झाडांचे बुंधे विषारी द्रावणात उभे केले. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या तरी द्रावण वर चढतच राहिले. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये त्याचा खुलासा केला : पानातून वाफ निघते, तिच्या जागी मागचे पाणी ओढले जाते, आणि रेणू एकमेकांना धरून असल्याने तो ताण थेट मुळापर्यंत पोहोचतो. हवेच्या दाबावर चालणारा शोषक पंप पाणी जेमतेम १० मीटर उचलतो. सर्वांत उंच रेडवुड वृक्ष ११५ मीटरच्या पुढे गेले आहेत. या ताणलेल्या स्तंभात हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी निकामी होते. मुळेही थोडेफार ढकलतात. पहाटे गवताच्या टोकांवर ओळीने बसलेले टपोरे थेंब अनेकदा दव नसून मुळांच्या दाबाने बाहेर आलेले पाणी असते.

साखर वाहणाऱ्या रसवाहिन्या जिवंत असतात, पण त्यांच्या चाळणी-पेशींत केंद्रक नसते. शेजारची सहपेशी त्यांचा संसार चालवते. मार्चेल्लो मालपीगी याने सतराव्या शतकात खोडाची साल कड्यासारखी सोलून पाहिली, तेव्हा कड्याच्या वरची बाजू फुगली आणि खालची नाही : पानांत बनलेले अन्न खाली उतरताना तिथे अडले होते. याच मालपीगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशिका, म्हणजे धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या, पाहिल्या. विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले खरे, पण रक्त धमन्यांतून शिरांत जाते कसे हे त्याला दिसले नव्हते. ती जागा मालपीगीने भरली.

माणसाचे वहन दाबाचे आणि बंदिस्त. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते, म्हणजे शरीरातले जवळजवळ सगळे. झाडाच्या पाण्याला असा परतीचा रस्ता नाही : शोषलेल्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक पाणी हवेत जाते. ही उधळपट्टी नव्हे, कार्बन डायऑक्साइड आत घेण्याची ती किंमत आहे.

म्हणून झाडाचे नियमन मुख्यतः पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या वायू आणि वाफ ये-जा करणाऱ्या सूक्ष्म छिद्राच्या, तोंडाशी होते. दोन रक्षक पेशींत पोटॅशियम शिरले की मागोमाग पाणी येते, त्या फुगून कमानीसारख्या वाकतात आणि मधली फट उघडते. माती कोरडी पडली की ॲब्सिसिक आम्ल हे झाडाचे संप्रेरक वाढते, पोटॅशियम बाहेर पडते, फट मिटते. माणसात पाण्याचा हिशेब मूत्रपिंडांकडे असतो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि जेमतेम दीड लिटर मूत्र होऊन बाहेर पडतो. बाकीचा परत घेतला जातो. किती परत घ्यायचा हे मेंदूतून सुटणारे मूत्ररोधी संप्रेरक ठरवते. रक्तातल्या साखरेसाठी इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉन अशी उलटसुलट ओढणारी जोडी आहे.

झाडाला मूत्रपिंड नाही. नको असलेले पदार्थ ते रिक्तिकांत (पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशव्यांत), सालीत, गळणाऱ्या पानांत कोंबून ठेवते. जास्तीचे कॅल्शियम पुष्कळदा ऑक्झलेटच्या स्फटिकांत बंद होते आणि पानात निमूट पडून राहते. माणसाच्या मूत्रपिंडात तोच क्षार साचला, तर त्याला मुतखडा म्हणतात.