वाईचा मैला, कृष्णेचं पाणी : एक पार्श्वभूमी

कृष्णेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोट थेट सांगलीच्या शेरी नाल्याकडे जातं. पण नदी तिथवर पोचते ती वाई, कराड अशी गावं ओलांडून. या लहान गावांच्या सांडपाण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कळल्याशिवाय 'नगरपालिका करते काय?' या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही.

वाई ही आळ्यांची आणि घाटांची. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी. खेटून उभे वाडे आणि मध्ये अरुंद बोळ. अशा जुन्या गावांत संडास असायचे टोपलीचे. मागच्या बोळातून माणूस यायचा आणि घरादाराचा मैला डोक्यावरून वाहून न्यायचा. मुंबई सरकारने 1949 मध्ये या सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणारे संडास उभे करून दाखवले. तरी या प्रथेवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला 1993 उजाडलं. सांडपाण्याच्या इतिहासातलं हे सर्वात लाजिरवाणं पान आहे आणि ते गाळून पुढे जाता येत नाही.

टोपली गेली, सेप्टिक टँक आली. टाकीत गाळ तळाशी बसतो, वर साय धरते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात जिरायला हवं. पण वाड्याच्या परसात खड्ड्याला जागा कुठली? मग पाइप गटारात सोडायचा, आणि गटार उताराने नदीला मिळायचं. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी असं तांत्रिक निकष सांगतात, पण सर्वसाधारण रीत अशी की संडास तुंबला तरच गाडी बोलवायची. गाळाने भरलेल्या टाकीत पाणी थांबतच नाही. आत येतं तसंच बाहेर जातं. झाकण मात्र बंद असतं, म्हणून सगळं ठीक वाटतं.

कायदे नव्हते असं नाही. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने 1969 मध्येच केला, केंद्राच्याही पाच वर्षं आधी; प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये स्थापन झालं. पैसा मात्र मोठ्या गावांकडे आधी गेला. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कृष्णाकाठची कराड आणि सांगली आली.

वाईने 2018 मध्ये वेगळी वाट धरली. गावभर भुयारी गटार होईल तेव्हा होईल, तोवर टाक्या तरी वेळच्या वेळी उपसायच्या. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने नगरपालिकेने वेळापत्रक आखलं : दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी, मालकाने बोलावण्याची वाट न पाहता. गाडी आळीत येते, पाइप टाकीत उतरतो आणि पंप गाळ ओढून घेतो. माणसाला टाकीत उतरावं लागत नाही. उपसलेला मैला कुठेतरी ओतून देण्याऐवजी रोज 70 हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. केंद्र सरकारचं मैला व्यवस्थापनाचं धोरण 2017 चं. धोरण आलं आणि वर्षभरात छोट्या नगरपालिकेने ते रस्त्यावर उतरवलं, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

पण हे मैल्याचं झालं. मोरीचं, धुण्याभांड्यांचं पाणी त्या गाडीत जात नाही. भुयारी गटार योजना आखताना माणशी रोजचं पाणी 135 लिटर धरतात आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं असं मानतात. 2011 च्या जनगणनेनुसार गावची वस्ती सुमारे 36 हजार. या हिशेबाने रोजचं सांडपाणी होतं सुमारे 39 लाख लिटर. टाकी वेळेवर उपसली तर त्यातली घाण कमी होते, पाणी कमी होत नाही.

शिवाय वर धोमचं धरण आहे. कोरड्या दिवसांत वाईला नदी किती वाहणार हे तिथून सोडलेल्या पाण्यावर ठरतं, आणि प्रवाह रोडावला की तेच गटार नदीला कितीतरी जड जातं. दुसरीकडे हरित लवादाने 2019 मध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याच्या मापाची) मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. 2017 च्या अधिसूचनेत वाईएवढ्या गावांना ती 30 होती. एवढं स्वच्छ पाणी द्यायचं तर नुसता उपसा पुरत नाही. गटारं घाटाच्या आधी अडवून ते पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत नेणं आणि तिथले पंप, वीज, माणसं वर्षानुवर्षं सांभाळणं, हा खर्च लहान नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बसवावा लागतो.