मामीच्या लॅपटॉपवर लिनक्स

कोथरूडला मामीकडे गेलो की चहा होईपर्यंत लॅपटॉपबद्दलच्या तिच्या शंका ऐकायच्या, हे ठरलेलं. 2025च्या ऑक्टोबरमधली शंका मात्र गंभीर होती. "अरे, हा म्हणतोय याची मुदत संपली. दुरुस्तीच्या दुकानात दाखवला, तर ते म्हणाले, आता नवाच घ्या."

लॅपटॉप 2016चा. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. पडदा स्वच्छ, एकही कळ अडकत नाही. मामी निवृत्त शिक्षिका आहे. सोसायटीचा जमाखर्च, नोटिसा आणि दिवाळी अंकांसाठी तिने वर्षानुवर्षं लिहिलेले लेख, सगळं त्यातच.

मुदत संपली होती ती विंडोज 10ची. 29 जुलै 2015 रोजी आलेल्या या प्रणालीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, फक्त त्यात नव्याने सापडणारी भगदाडं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची सोय आहे, पण ती ऑक्टोबर 2026पर्यंतच. विंडोज 11 घ्यायची तर टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. ही अट उगीच घातलेली नाही. कुलुपांच्या किल्ल्या वेगळ्या चिपमध्ये ठेवल्या की चोरी अवघड होते. पण त्या अटीमुळे मामीच्या लॅपटॉपसारखी धडधाकट यंत्रं बाहेर राहतात, हेही खरं.

मी म्हटलं, "मामी, यंत्र चांगलं आहे. आपण त्यावरची प्रणाली बदलू. विंडोजऐवजी लिनक्स घालू." तिने पहिला प्रश्न विचारला तो अगदी योग्य होता: "प्रणाली म्हणजे नक्की काय? आणि ती बदलली की माझं लिखाण जाईल का?"

उत्तरासाठी मी तिला एकच कळ दाबायला सांगितली. मराठी इनस्क्रिप्ट मांडणीत 'क' इंग्रजी 'के'च्या कळीवर असतो. ती कळ दाबली की की-बोर्ड 'क' पाठवत नाही आणि 'के'ही पाठवत नाही. तो फक्त एक क्रमांक पाठवतो, 37. म्हणजे अमुक जागेवरची कळ दाबली गेली, एवढंच. हा क्रमांक झेलतं ते कर्नल, प्रणालीचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय, पडदा यांच्याशी थेट बोलायचा अधिकार त्याच्याकडेच असतो. प्रत्येक प्रोग्रॅमला जे हवं ते त्याच्याकडे मागावं लागतं. कर्नलच्या वरचा एक थर बघतो की सध्या मराठी मांडणी चालू आहे, म्हणून 37 म्हणजे 'क'. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीत 'क'ला एकच क्रमांक आहे, 2325. फाइलमध्ये साठतो तो हा. शेवटी फाँट त्या क्रमांकाचा आकार शोधतो आणि पडद्यावर 'क' उमटतो.

यात प्रणाली बदलली तर काय बदलतं? कळ झेलणारा बदलतो, आकार काढणारा बदलतो. मधला 2325 तसाच राहतो. मामीचं लिखाण म्हणजे अशा आकड्यांची रांग. ती डिस्कवर असते आणि तिची प्रत दुसरीकडे काढून ठेवता येते. हे मी मोठ्या विश्वासाने सांगितलं. त्यात एक खाच होती, ती पुढे येईलच.

लिनक्सचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' ही मुक्त प्रणाली उभारायची घोषणा केली. कुणीही वापरावी, आतून वाचावी, बदलावी, वाटावी, अशी. तिचे बरेच भाग तयार झाले, पण गाभा रखडला. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. पहिल्या आवृत्तीत सुमारे 10 हजार ओळी होत्या. पुढच्या वर्षी त्याने ती ग्नूच्याच परवान्याखाली आणली: आतली संहिता, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सर्वांना खुली, आणि जो बदल करून वाटेल त्यानेही ती खुलीच ठेवायची. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्य. लिनक्स बहुतेकदा फुकटही मिळतं, पण त्याचं मर्म मुक्त असण्यात आहे.

त्याच 1991मध्ये आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने 'परम 8000' हा महासंगणक उभा केला होता. दोन्ही गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मात्र आहे. जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017पासून एकूण एक यंत्र लिनक्सवर चालतं. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. मामीला हे सांगितल्यावर तिने फोनकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. ज्याची भीती वाटत होती ते ती रोज व्हॉट्सॲपसाठी वापरतच होती.

तरी मी लगेच काही पुसलं नाही, आणि तुम्हीही पुसू नका. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. मग 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सच्या तयार रूपांपैकी, म्हणजे 'वितरणां'पैकी एक) उतरवून घेतलं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. याला 'लाइव्ह' चालवणं म्हणतात. संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवर घट्ट दाबून भरलेली असते. लागेल तेवढी ती उलगडत रॅममध्ये येते आणि तिथेच चालते. आपण सांगितल्याशिवाय लॅपटॉपच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, हे सगळं असं निवांत तपासता येतं. मामीने दोन दिवस तसंच वापरलं. तिचा जुना प्रिंटर मी चालवायला गेलो तेव्हा पहिलं पान कोरं आलं. दुसरा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम, निवडल्यावर छपाई सुरू झाली.

मग एसएसडीवर जागा वाटून विंडोजशेजारी मिंट बसवलं. इथे दोन गोष्टी आधी कराव्यात. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर तिची 48 आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. आणि विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं. ते चालू असलं की संगणक बंद केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं, त्यामुळे लिनक्सला त्या भागात सुरक्षितपणे लिहिता येत नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. वेगात खरा फरक तिच्यामुळे पडतो. त्याचं श्रेय लिनक्सला देणं योग्य नाही.

तिसऱ्या दिवशी मामीचा फोन. "अरे, संध्याकाळचे पाच वाजलेत आणि विंडोजमध्ये साडेअकरा दाखवतंय." फरक बरोबर साडेपाच तासांचा, आणि हा आकडा कुठल्याही भारतीयाला ओळखीचा. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, लॅपटॉप बंद असतानाही चालणारं. लिनक्स त्यात जागतिक प्रमाण वेळ लिहितं आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. विंडोज मात्र त्याच घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. दोघंही आपापल्या परीने बरोबर, फक्त एकाच पाटीवर दोन रिवाजांनी लिहिणारे. एका आज्ञेने लिनक्सला सांगितलं की या घड्याळात भारतीय वेळच ठेव. काम झालं.

आता ती खाच. मामीने 2009 सालचा एक लेख उघडला आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. ती गप्प झाली. मलाही क्षणभर धस्स झालं.

तो लेख युनिकोडमध्ये नव्हताच. तो कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला होता. मामी टाइपरायटरवर शिकली, आणि कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरचीच. अशा जुन्या फाँटांमध्ये फाइलीत मराठी साठतच नाही. साठतात रोमन अक्षरं, आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. 'मराठी' हा शब्द तिच्या फाइलीत पाच अक्षरांचा होता: छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फाँट असेल तोवर हे कळत नाही. नव्या प्रणालीवर तो नव्हता, म्हणून खरं काय साठलंय ते उघडं पडलं. विंडोजच्याच दुसऱ्या संगणकावर, जिथे कृतिदेव नाही तिथेही, अगदी असंच दिसलं असतं.

म्हणजे इतकी वर्षं तिचं लिखाण प्रणालीला बांधलेलं नव्हतं, एका फाँटला बांधलेलं होतं. पुण्यातल्या किती छापखान्यांच्या, संस्थांच्या आणि लेखकांच्या संगणकांत असं मराठी पडून असेल, या विचाराने मला खरोखर काळजी वाटते. त्या मजकुरात शोध घेता येत नाही, तो वेबवर टाकता येत नाही, आणि फाँट गेला की वाचताही येत नाही.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण काम दिसतं तेवढं सरळ नाही. जुन्या फाँटांत क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो. 'वि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, व नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी व, मग वेलांटी. 'सूर्य'मधला रफार जुन्या फाँटात य नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि त्याचा पाय मोडणारा हलन्त, हे दोन्ही य च्या आधी. म्हणून नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल करून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात. त्यात मराठीचा खास 'ऱ्य'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. हिंदीसाठी बनवलेलं साधन या दोघांत सहज घोटाळा करतं. म्हणून आम्ही प्रत्येक लेख मशीनने बदलून घेतला आणि मग मामीने लाल पेन हाती घ्यावं तसा तपासला. रोज संध्याकाळी दोन-तीन लेख.

युनिकोडमधली देवनागरीची मांडणी 'इस्की' या भारतीय मानकावरून आली आहे, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात सी-डॅकच्या जिस्ट गटाचा मोठा वाटा आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षं देवनागरी दाखवणारा 'लोहित' हा मुक्त फाँट रेड हॅट या लिनक्स कंपनीचा. त्या कंपनीचं कार्यालयही पुण्यात आहे. जोडाक्षरं जुळवण्याचं काम करणारं 'हार्फबझ' हे मुक्त साधन लिनक्स, अँड्रॉइड, क्रोम आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारा मुक्त संच) सगळ्यांत आहे. मामीचा लेख आता तिच्या लॅपटॉपवर आणि माझ्या फोनवर सारखाच दिसतो, तो त्यामुळे.

लिनक्स सर्वांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांचं पोट टॅली, ऑटोकॅड किंवा फोटोशॉपवर आहे त्यांनी थांबावं. हे प्रोग्रॅम लिनक्ससाठी निघत नाहीत आणि आडवाटेने चालवण्यात दिवस जातात. मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये नीट चालतील याचीही खात्री नसते. मामीचा सोसायटीचा ताळेबंद साध्या बेरजा-वजाबाक्यांचा, तो जसाच्या तसा उघडला.

मामाचा प्रश्न वेगळा होता. "सगळं उघडं आहे म्हणता, मग चोरालाही दिसणारच की." रास्त शंका आहे आणि तिला खरंखुरं उदाहरण आहे. लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं साधन असतं. एका अनामिकाने खोट्या नावाने दोनेक वर्षं त्यावर चोख काम करून विश्वास मिळवला आणि 2024मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. तो शोधत शोधत मुळाशी पोहोचला आणि 29 मार्च 2024 रोजी त्याने सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा तोवर बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचला नव्हता. फ्रॉइंड नोकरी करत होता मायक्रोसॉफ्टमध्ये. संहिता खुली असल्याने चोर आत शिरू शकला, हे खरं. आणि खुली असल्यानेच बाहेरच्या एका माणसाला, कुणाची परवानगी न मागता, तिचा माग काढता आला. मामाला हे उत्तर पटलं की नाही ते त्याने सांगितलं नाही, पण अर्ध्या सेकंदाची गोष्ट त्याने दोनदा ऐकून घेतली.

आणि हो, मिंटलाही मुदत आहे. मामीकडे असलेल्या 22व्या आवृत्तीला 2029पर्यंत अपडेट मिळतील. मग त्याच यंत्रावर पुढची आवृत्ती घालायची. लिनक्सही जुनी यंत्रं कधीतरी सोडतं. टॉरव्हाल्ड्सने ज्या 386 चिपवर पहिलं लिनक्स लिहिलं, तिचा आधार 2012च्या डिसेंबरमध्ये कर्नलमधून काढायचं ठरलं. ती चिप 1985ची होती.

लॅपटॉपची बॅटरी मात्र आता तासभरच टिकते. ती नवी मागवली आहे. विंडोजचा भाग अजून ठेवलाय. मामी म्हणाली, सगळे लेख तपासून होईपर्यंत राहू दे. काल फोनवर सांगत होती, 2013पर्यंत आलीये.